जुन्या पिकअपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसवताना

गिरणाऱ्याहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली पिकअप मखमलाबादपर्यंत येता येता काटा लाल पट्ट्यात नेते, ऑइल दर आठवड्याला लिटरभर पिते आणि मागच्या गाडीवाल्याला निळ्या धुरात घालवते. अशा वेळी मिस्त्री दोन पर्याय समोर ठेवतो: आहे तेच इंजिन खोलून बोअर करायचं, नाहीतर दुसरं चालू इंजिन आणून बसवायचं. दुसरा पर्याय झटपट वाटतो, आणि नीट केला तर असतोही. हा लेख त्या दुसऱ्या पर्यायाचा आहे. ज्याने ऑइल-फिल्टर बदललेत, क्लच प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवायला हात लावलाय, पण अख्खं इंजिन कधी उचललेलं नाही, अशा माणसासाठी.

उदाहरणाला महिंद्राची जुनी बोलेरो पिकअप धरतो, २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं डीआय इंजिन आणि यांत्रिक डिझेल पंप असलेली. नाशिकमध्ये हीच का, हे सांगायला नको. महिंद्राचा गाड्यांचा कारखाना सातपूरला, इंजिनांचा इगतपुरीला. डिझेलचे नोझल बनवणारी बॉशही सातपुरातच. कंपनीचं नाव २००८ साली बदललं, पण आपल्या तोंडी ती मायकोच आहे आणि सर्कलही मायको सर्कलच. त्यामुळे या इंजिनाचा सुटा भाग, त्याची नस ओळखणारा मिस्त्री आणि पंप-नोझल तपासून देणारा डिझेलवाला, तिन्ही शहरात मिळतात. दुसरी कुठली पिकअप असेल तर तपशील बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी खात्री करा की इंजिनच गेलंय

बरीच इंजिनं विनाकारण बदलली जातात. काळा धूर म्हणजे बहुतेकदा डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोचा पाइप फाटलेला, नाहीतर नोझल ठिबकतोय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा सिलेंडरमध्ये जाणारं पाणी, म्हणजे हेड पॅकिंगची शंका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तेही रिंगांमधूनच जातंय असं नाही. व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील गेलं तरी निळाच धूर येतो.

खरी परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांना येते. पण भसाभस, ठोक्या-ठोक्याला धूर बाहेर फेकला जात असेल आणि झाकण नुसतं वर ठेवल्यावर नाचत असेल, तर कॉम्प्रेशन रिंगांवरून खाली उतरतंय. मग डिझेलवाल्याकडून चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकूण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक पाहा. एकच सिलेंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर हेड उतरवून बघण्यात शहाणपण आहे. सगळेच बसलेले असतील, ऑइलचा दाब गरम इंजिनाला पडत असेल आणि तळातून ठकठक येत असेल, तर पुढे वाचा.

कागद आधी, चेन ब्लॉक नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण नवखे लोक इथेच अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जे मूळ दिलंय त्याच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच मुद्दा आणखी घट्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे इंजिन बदलताच येत नाही का? येतं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन, आरटीओची परवानगी घेऊन. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. एमएच-१५ च्या गाड्यांसाठी ही वारी पेठ रोडच्या आरटीओत. मालेगावकडची एमएच-४१ असेल तर तिकडे. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष बघतो, चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, इंजिनाचं बिल लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत आधी घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर पॉलिसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नाही म्हणून दाव्याचं घोंगडं भिजत पडतं.

यातूनच इंजिनाची निवड ठरते. ‘छोटं इंजिन टाकू, डिझेल वाचेल’ हा विचार चहाच्या टपरीवर फार आवडीने मांडला जातो. कागदावर तो बसत नाही आणि रस्त्यावरही फारसा बसत नाही, कारण दीड टन माल घेऊन घाट चढताना छोटं इंजिन सतत खालच्या गिअरमध्ये बोंबलत राहतं आणि डिझेल तितकंच पितं. शिवाय अडॅप्टर प्लेट, वेगळं फ्लायव्हील, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडणं, हे लेथवाल्याचं काम आहे, नवख्याचं नाही. जुळं इंजिन घ्या.

आणखी एक कुंपण लक्षात ठेवा. गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारं बीएस-४ मानक देशभर एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झालं. नव्या मानकाच्या गाडीत जुन्या मानकाचं इंजिन घालायचा विचारही करू नका. बीएस-६ गाडीत धूर गाळणारी यंत्रणा, सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) एकमेकांत असे गुंतलेले असतात की इंजिन बसलं तरी गाडी ते स्वीकारत नाही. घरच्या घरी हात घालायचा तो यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीतच.

इंजिन विकत घेताना

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली बुलडोझर लावून हटवला होता, तरी जुन्या भागांसाठी लोक अजून त्याच बाजूचं नाव घेतात. मालेगावलाही मोठा माल असतो. कुठूनही घ्या, पण पहिला प्रश्न किमतीचा नको, कागदाचा हवा. इंजिन कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आहे का, बिलावर इंजिन नंबर लिहून देणार का, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मिळेल का. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्याची चमक किंवा वाकडेतिकडे ठोकलेले आकडे दिसले तर हात झटकून निघा, कितीही स्वस्त असो. चोरीच्या गाड्यांची नोंद केंद्राच्या डिजिटल पोलिस पोर्टलवर तपासता येते. मूळ गाडीचा नंबर घेऊन तेवढं घरी बसून करा.

मग इंजिन. दुकानदाराला सरळ म्हणा, “चाचा, खाली चालू करून दाखवा.” नाही म्हणणारा बहुधा दाखवण्यासारखं इंजिन ठेवत नाही. चालू करण्याची रीत सगळीकडे सारखीच असते: इंजिन जुन्या टायरवर बसवलेलं, शेजारी ट्रकची बॅटरी, बाटलीतून पंपापर्यंत डिझेलची नळी. सेल्फ मारण्याआधी स्वतःचा हात ब्लॉकवर ठेवून बघा. इंजिन आधीच कोमट असेल तर तुम्ही यायच्या आत कुणीतरी ते चालवून ठेवलंय, आणि थंड इंजिन कसं उठतं हेच तर तुम्हाला बघायचंय. निफाडला थंडीत पारा एक आकड्यावर येतो. तिथला द्राक्षवाला पहाटे पाचला गाडी काढतो तेव्हा कॉम्प्रेशनचं सगळं सोंग उघडं पडतं.

चालू झाल्यावर पुन्हा तीच झाकणाची परीक्षा. रेडिएटर नसल्यामुळे इंजिन दोन-तीन मिनिटांच्या वर चालवू देऊ नका. बंद केल्यावर पुढच्या पुलीच्या नटला गोटी पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. चार स्ट्रोकचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून एक फेरा पुरत नाही. चार वेळा कॉम्प्रेशनचा सारखा दाब हाताला लागला पाहिजे. एखाद्या ठिकाणी पाना सहज सुटला तर तो सिलेंडर मेलेला. फ्लायव्हील टॉमीने पुढे-मागे ढकला. हलकी टिचकी चालेल, स्पष्ट ‘टक’ आवाजासह सरकत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. टर्बोचा शाफ्ट बोटांनी धरा: बाजूला केसभर हालचाल असते, पण आत-बाहेर जाणवण्याइतकी हालचाल किंवा पंख्याची पाती घराला घासल्याची खूण असेल तर टर्बोचे पैसे किमतीतून वजा करा. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल असेल तर आत पाणी मिसळतंय. तळाचा नट उघडून थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर घ्या आणि उन्हात तिरकं धरा. चंदेरी भुकटी म्हणजे बेअरिंगचा वरचा थर, तांब्याच्या रंगाची म्हणजे तो थर संपून आतला धातूही झिजायला लागला. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर ते इंजिन त्याच टायरवर राहू द्या.

हाफ इंजिन घ्यायचं की फुल? तुमचा पंप, टर्बो, हेड चांगलं असेल तर हाफ घ्या, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढंच. स्वस्त पडतं आणि जे माहितीचं आहे ते गाडीतच राहतं. मात्र हेड प्लेन करणं, टायमिंग जुळवणं, टॅपेट सेटिंग ही कामं अंगावर येतात. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत फुल इंजिनाच्या बाजूने. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे हाफ घेतलं तरी आरटीओ चुकत नाही.

जागा आणि सामान

सपाट, पक्की, वरून झाकलेली जागा. बाभळीच्या फांदीला चेन ब्लॉक बांधून इंजिन काढणारे महाभाग शिवारात अजून आहेत; तुम्ही त्यांच्यात भर घालू नका. इंजिन दोनशे किलोंच्या वर जातं. एक टनी चेन ब्लॉक, लोखंडी तिपाई किंवा गर्डर, चार घोड्या, एक ट्रॉली जॅक, गोटी पान्यांचा संच, टॉर्क पाना. टॉर्क पाना विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दोन दिवस मिळतो. आणि दुसरा माणूस. एकट्याने हे काम करायचं नाही. दोघा नवख्यांनी चार-पाच दिवस धरून चालावं. ‘रविवारी उरकू’ म्हणणाऱ्यांची गाडी पुढच्या रविवारी ढकलत गॅरेजला नेतात.

जुनं इंजिन काढणं

काढणं सोपं असतं, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. फक्त उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक वायरीला पांढरी टेप लावून त्यावर नाव लिहा, आणि बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह आधी. मग बोनेट, बिजागरीभोवती मार्करने खूण करून ठेवलीत तर परत लावताना फट एकसारखी येते. कूलंट आणि ऑइल भांड्यात काढा, गटारात नाही. सातपूर-अंबडचं गटार शेवटी नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीत. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून परवानाधारक घेणाऱ्याला द्या, चार पैसेही मिळतात. पुढची जाळी, रेडिएटर, पंखा, एअर फिल्टरचे पाइप, सेल्फ, अल्टरनेटरच्या वायरी, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल, स्टॉप केबल. डिझेलच्या नळ्या सोडल्या की लगेच तोंडं बंद करा. पंपात गेलेला धुळीचा एक कण हजारोंचं काम काढतो. सायलेन्सरच्या पाइपचे गंजलेले नट आदल्या रात्रीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा, थेट जोर लावलात तर स्टड तुटून मॅनिफोल्डमध्ये राहतो.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा. मग बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराचे) बोल्ट, शेवटी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चेसिसवर धरणाऱ्या रबरांचे. साखळी इंजिनाच्या दोन्ही मूळ हुकांना लावा, ताण द्या, इंजिन आधी सरळ पुढे सरकवा, इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटला की मगच वर घ्या. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काही नाही.

दोन्ही इंजिनं शेजारी ठेवा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग इंजिन आत-बाहेर तीनदा करतात. दोन्ही इंजिनं एकाच बाजूला तोंड करून जमिनीवर ठेवा आणि पुढून मागे एकेक गोष्ट ताडून बघा. एकच इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत गेलेलं असतं: प्रवासी गाडीत, पिकअपमध्ये, फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये. ब्लॉक तोच, पण ऑइल चेंबरचा आकार वेगळा. तो बदलला नाही तर खाली अ‍ॅक्सलवर किंवा क्रॉस मेंबरवर टेकतो. फाउंडेशनच्या ब्रॅकेटची भोकं, ऑइल फिल्टरची दिशा, थर्मोस्टॅटचं तोंड, पंख्याची लांबी, अल्टरनेटर डावीकडे की उजवीकडे, फ्लायव्हीलच्या रिंगचे दात, क्लच प्लेटचा व्यास. जिथे फरक दिसेल तिथे तुमच्या जुन्या इंजिनाचा भाग काढून नव्यावर चढवा, आत्ताच, जमिनीवर.

इंजिन बाहेर आहे तोवर या गोष्टी डोळे झाकून नव्या टाका: क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फाउंडेशनची रबरं, सगळे होज पाइप, थर्मोस्टॅट, पट्टे, तिन्ही फिल्टर. क्लच प्लेट अर्धी शिल्लक असली तरी बदला. दोनशे रुपयांचं सील वाचवलं म्हणून गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची वेळ आली तर मजुरी कुणी धरायची? रेडिएटर फ्लश करून घ्या. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात, आणि मग नवं इंजिनही जुन्यासारखंच उकळतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सचं जुळणं

सगळ्यात नाजूक भाग हाच. क्लच प्लेट सरळ लावलीत ना ते बघा, तिची उंच बाजू गिअरबॉक्सकडे. आणि प्रेशर प्लेट आवळण्याआधी जुन्या इनपुट शाफ्टने किंवा त्याच मापाच्या लाकडी खुंटीने मधोमध धरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून.

आता इंजिन खाली घेताना त्याचा आणि गिअरबॉक्सचा कल एकच हवा. गिअरबॉक्स जॅकवर किंचित वर-खाली करून दोन्ही तोंडांमधली फट चहूबाजूंनी सारखी दिसेपर्यंत जुळवा. शाफ्ट क्लचच्या दातांत जात नसेल तर गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि एकाने पुढची पुली पान्याने हळूहळू फिरवावी, दुसऱ्याने इंजिन हलकेच मागे ढकलावं. दात जुळले की इंजिन स्वतःहून सरकतं, ‘घप’ करून बसतं. शेवटचे एक-दोन सेंटिमीटर राहिले की हात शिवशिवतात, बोल्ट आवळून ओढून घेऊ म्हणून. तसं करू नका. बोल्टने ओढलं की क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो, आणि हे कळतं तेव्हा गाडी पूर्ण जोडून झालेली असते. दोन्ही तोंडं हाताच्या जोराने टेकली, डॉवेल पिना भोकात गेल्या, मगच बोल्ट. इंजिनाचं वजन एका क्षणासाठीही इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका.

फाउंडेशनचे बोल्ट आधी हातानेच. इंजिन चालू करून दोन-चार मिनिटं थरथरू द्या, रबरं आपली जागा घेतात, मग पूर्ण आवळा. पंखा आणि रेडिएटर यांत साधारण इंचभर जागा राहिली पाहिजे.

तीन छोट्या गोष्टी

एक, ब्रेकचा व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिन ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून देतं. डिझेलला तो मिळत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या मागे छोटा व्हॅक्यूम पंप असतो. त्याला ऑइल आत जाण्याची आणि परत येण्याची, अशा दोन वेगळ्या नळ्या असतात, आणि तिसरी नळी बूस्टरकडे जाते. ऑइलची नळी राहिली तर पंप काही दिवसांत जळतो. बूस्टरची राहिली तर पेडल दगडासारखं होतं आणि उतारावर गाडी थांबत नाही. जोडल्यावर तपासा: इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबून कडक करा, ते दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर गाडी गेटबाहेर काढायची नाही.

दोन, अर्थची पट्टी. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. ब्लॉक ते चेसिस ही जाड विणलेली पट्टी विसरली की सेल्फचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापून चिकटते. नवीन जोडलेल्या गाडीची अ‍ॅक्सिलरेटर केबल धुरकटली तर आधी ही पट्टी शोधा.

तीन, स्टॉप. यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन वायर काढली म्हणून बंद होत नाही. पंपाचं डिझेल तोडावं लागतं, केबलने किंवा सोलेनॉइडने. पहिल्यांदा चालू करण्याआधी स्टॉपचा लिव्हर पूर्ण फिरतोय ना ते हाताने बघा. शिवाय हवेच्या तोंडावर दाबून बसेल अशी जाड लाकडी फळी जवळ ठेवा. टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटतं, तेव्हा हवा बंद करणं हाच एक मार्ग उरतो. कापडाचा बोळा नको, तो आत ओढला जातो. तळहात तर नाहीच नाही.

एअर काढणं आणि पहिला सेल्फ

डिझेलच्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असेपर्यंत इंजिन उठत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबत राहा, फेस जाऊन स्वच्छ डिझेलची धार आली की स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या चारही नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल थेंबथेंब उडायला लागलं की एकेक आवळत जा. चष्मा घाला आणि त्या नळ्यांच्या तोंडापाशी बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि वरून फक्त टाचणीएवढी खूण दिसते. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल. कॉमन रेलच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या डिझेल यंत्रणेच्या गाडीत तर या नळ्यांना हातच लावायचा नाही.

चालू करण्याआधी ऑइल फिरवून घ्या. ऑइल पातळीइतकं भरा, टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं ऑइल ओता, स्टॉप ओढून धरा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये सेल्फला विसावा. मग स्टॉप सोडा. चालू झाल्यावर रेस करू नका. ऑइलचा दिवा, खाली गळती, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, एवढ्यावर नजर. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालू करण्याआधीच भरलेलं हवं, हीटरचा नळ उघडा ठेवून, म्हणजे अडकलेली हवा निघते. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा आणि पातळी पुन्हा बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

रस्त्यावर

पहिला दिवस रिकामी गाडी, दिंडोरी रोडने जाऊन परत. घरी आल्यावर खालून टॉर्च मारा, सगळे क्लिप आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा बघा. मग अर्धा माल. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला जाणाऱ्या सपाट रस्त्याने इंजिनाबद्दल फारसं काही कळत नाही. कळतं ते घाटात. कसारा उतरून परत इगतपुरी चढा, किंवा चांदवडजवळचा राहूड घाट घ्या. चढताना काटा अर्ध्याच्या थोडा वर स्थिर राहिला तर ठीक. चढतच राहिला तर थांबा, इंजिन बंद न करता आयडलवर थंड होऊ द्या. सपाटीला चांगलं आणि घाटात गरम असं होत असेल तर आधी रेडिएटर आणि पंख्याचा क्लच तपासा, इंजिनाला शिव्या नंतर.

पहिले पाचशे किलोमीटर माल कमी, वेग कमी. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा सेट करून घ्या. हेड उघडलं असेल तर हेड बोल्टचं काय करायचं ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघा. सगळ्या पॅकिंगना पुन्हा आवळायची गरज नसते. आणि या धावपळीत ते १४ दिवस विसरू नका. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं. तिथे ब्लॉकवर एक नंबर आणि आरसीवर दुसरा निघाला तर गाडी तिथेच अडकते.

जुनं इंजिन आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत विकू नका. निरीक्षकाने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. नंतर विकताना पंप, टर्बो, सेल्फ, अल्टरनेटर सुटे विका, तसे जास्त पैसे येतात. ब्लॉक मात्र बिल करून, त्यावर नंबर लिहून, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घेऊनच द्या. तो नंबर इतकी वर्षं तुमच्या नावावर होता, आणि उद्या तो भलत्याच गाडीत सापडला तर पोलिस आधी तुमच्याच दारात येतील.